बोगदा जेथे थांबला

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या वायव्येस एलवाइफ नावाचे एक रेल्वेस्थानक आहे. शहराच्या ‘रेड लाइन’ या भुयारी मार्गाचे ते अखेरचे स्थानक. प्रवासी तेथे उतरतात आणि डबे रिकामे होतात. बोगदा मात्र तेथे संपत नाही. हमरस्त्याच्या खालून तो थोडा पुढे जातो, शेजारच्या अर्लिंग्टन गावाच्या हद्दीत एका क्रीडांगणाखाली शिरतो आणि मग थांबतो. आज त्याचा उपयोग गाड्या उभ्या करण्यापुरता होतो. गावाच्या वेशीतून आत आलेला हा बोगदा गावापर्यंत का गेला नाही, असा प्रश्न नकाशा पाहणाऱ्यास पडतो. गावाने तो नको म्हटले, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. त्या नकाराच्या इतिहासात एका कॅथलिक शाळेचेही नाव आले आहे. म्हणूनच ही हकिकत सविस्तर सांगावी, असे आम्हांस वाटले.

भुयारी रेल्वेच्या बाबतीत बोस्टन हे अमेरिकेतील आद्य शहर होय. तेथील पहिले भुयार १८९७ मध्ये वाहतुकीस खुले झाले. पुढे १९१२ मध्ये शहराच्या मध्यापासून नदीपलीकडील केंब्रिजमधील हार्वर्ड चौकापर्यंत मार्ग सुरू झाला आणि त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ तो त्याच चौकात थांबून राहिला. तो वायव्येकडे अर्लिंग्टन आणि लेक्सिंग्टनपर्यंत वाढवावा, अशी सूचना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेमलेल्या एका सरकारी मंडळाने केली होती. परंतु तो काळ मोटारींचा होता. १९४८ च्या आराखड्यात शहराभोवती आणि शहराच्या आरपार जाणारे प्रचंड महामार्ग आखले गेले. ‘इनर बेल्ट’ नावाचा त्यातील एक महामार्ग बोस्टन, केंब्रिज आणि सॉमरविल येथील दाट वस्त्यांमधून जाणार होता. हजारो कुटुंबांची घरे त्याच्या वाटेत होती. ती बहुतेक कामगारांची, स्थलांतरितांची आणि कृष्णवर्णीयांची होती. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी त्यांना काही विचारले नव्हते.

न विचारलेली ही माणसे हळूहळू एकत्र आली. जानेवारी १९६९ मध्ये राज्याच्या विधानभवनासमोर मोठी निदर्शने झाली. महामार्गांच्या आधी माणसांचा विचार करा, एवढेच त्यांचे मागणे होते. या चळवळीत गोरे होते आणि काळेही होते, विद्यापीठातील अभियंते होते आणि गिरणीतले कामगारही होते. तिच्या पुढाऱ्यांत कॅथलिक धर्मगुरूही होते. आपल्या धर्मग्रामातील घरे पाडली जाणार असताना केवळ प्रार्थना करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुढील वर्षी, ११ फेब्रुवारी १९७० रोजी, मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण केले आणि शहराच्या परिसरातील बहुतेक नव्या महामार्गांना स्थगिती दिली. सार्जंट हे स्वतः पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त होते. आजवरचे आपले धोरण चुकले, अशी कबुली त्यांनी लोकांसमोर दिली. सत्तेवरील माणसाने भर सभेत ‘चुकलो’ म्हणावे, हे राजकारणाच्या इतिहासात विरळाच घडते.

स्थगितीनंतर जे झाले ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. केवळ आधीचा आराखडा रद्द करून सरकार स्वस्थ बसले नाही. संपूर्ण प्रदेशाच्या वाहतुकीचा नव्याने फेरविचार सुरू झाला. ॲलन ऑल्टशुलर या प्राध्यापकांकडे त्याची धुरा होती आणि सुमारे दीड वर्ष ते काम चालले. आपल्याकडे एखादी योजना पक्की झाली की वृत्तपत्राच्या कोपऱ्यात ‘हरकती व सूचना’ मागविणारी जाहिरात येते आणि ठरावीक मुदतीनंतर ती योजना जशीच्या तशी पुढे जाते, असा अनुभव अनेकांच्या गाठीस असेल. तेथेही तोवर जनसुनावणीची रीत साधारण अशीच होती. या फेरविचारात मात्र पर्याय ठरण्यापूर्वीच लोकांना बोलावले गेले. नगरपालिका, रहिवाशांच्या संघटना, व्यापारी आणि पर्यावरणवादी एकाच मेजाभोवती बसले. ज्यांना तांत्रिक भाषा कळत नव्हती, त्यांना ती समजावून देण्यासाठी जाणकार माणसे नेमली गेली. हे फार मोलाचे होते. कारण ज्यास नकाशा वाचता येत नाही, त्याच्यापुढे नकाशा पसरून ‘बोला’ म्हणणे म्हणजे त्यास विचारणे नव्हे.

१९७२ च्या अखेरीस सार्जंट यांनी इनर बेल्टसह प्रमुख महामार्ग कायमचे रद्द केले. त्यांच्या जागी लोकवाहतुकीवर भर देण्याचे ठरले. परंतु महामार्गांसाठी ठेवलेला केंद्रीय निधी रेल्वेला वापरण्याची मुभा कायद्यात नव्हती. ती १९७३ च्या कायद्याने मिळाली. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत टिप ओनील हे काँग्रेस सदस्य होते. ते उत्तर केंब्रिजमधील आयरिश कॅथलिक वस्तीतून पुढे आलेले. पुढे राज्याचे वाहतूक सचिव झालेले अभियंते फ्रेड साल्वुची हे मूळचे महामार्गविरोधी चळवळीतले. त्यांच्या आजीचे घर पूर्वी एका महामार्गासाठी घेतले गेले होते. असा माणूस सचिवाच्या खुर्चीत बसला, तेव्हा नकाशावरील प्रत्येक रेघेखाली कुणाचे तरी घर असते हे त्यास सांगावे लागले नाही.

अशा रीतीने रेड लाइनच्या विस्तारास खरी चालना मिळाली. मूळ कल्पना अशी होती की हार्वर्ड चौकापासून निघालेला मार्ग पोर्टर चौकात येईल आणि तेथून जुन्या लोहमार्गाच्या कडेने सरळ एलवाइफ गाठील. अंतर कमी, खर्चही कमी. परंतु या सरळ मार्गाच्या थोडे उत्तरेस सॉमरविलचा डेव्हिस चौक होता. सॉमरविल हे आयरिश, इटालियन आणि पोर्तुगीज कामगारांचे दाट वस्तीचे शहर. त्या काळी चौकातील व्यापार मंदावला होता. रेल्वे आपल्या शेजारून जाणार आणि आपणांस मात्र स्थानक नाही, हे तेथील लोकांना मान्य झाले नाही. रहिवासी, दुकानदार आणि नगरपालिका यांनी एकजुटीने मागणी लावून धरली. अखेर मार्ग वळविण्यात आला. डेव्हिस चौकाखाली स्थानक ठरले आणि त्यास मोटारतळ नसावा असेही ठरले. लोकांनी पायी यावे, गाडीत बसावे. चौक मोटारींनी भरू नये.

१९७८ मध्ये काम सुरू झाले. वरची माती मऊ असल्याने पोर्टरचे स्थानक खालच्या पक्क्या खडकात, जमिनीपासून सुमारे १०५ फूट खोल खोदण्यात आले. त्यामुळे भर वस्तीतील रस्ता वर्षानुवर्षे उकरून ठेवावा लागला नाही. डेव्हिसपासून पुढे मात्र जुन्या मालवाहू रेल्वेच्या पट्ट्यात चर खणून, बोगदा बांधून, तो वरून बुजविण्यात आला. त्या पट्ट्यावर पुढे झाडे लावलेली पायवाट झाली. डेव्हिस स्थानकाच्या भिंतीवर परिसरातील शाळेच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी रंगविलेल्या फरशा बसविल्या आहेत. पोर्टर आणि डेव्हिस ही स्थानके ८ डिसेंबर १९८४ रोजी उघडली आणि एलवाइफ ३० मार्च १९८५ रोजी. त्या फरशा करणारी मुले आज पन्नाशीच्या आसपास असतील.

येथवरचा इतिहास समाधान देणारा आहे. परंतु रेल्वे एलवाइफला संपावी असे आरंभी ठरले नव्हते. ती अर्लिंग्टनमधून पुढे लेक्सिंग्टनकडे, १२८ क्रमांकाच्या महामार्गापर्यंत न्यावी, असा विचार होता. अर्लिंग्टनच्या मध्यातून जुना लोहमार्ग जातच होता. गावकऱ्यांचे म्हणणे मात्र निराळे होते. खोदकामाने दुकाने बुडतील, गल्ल्या वाहनांनी भरतील, पैसा अपुरा पडला तर रेल्वे आपल्याच गावात येऊन थांबेल आणि सारे गाव म्हणजे एक मोटारतळ होऊन बसेल, अशा शंका होत्या. त्या सर्वच पोकळ होत्या असे म्हणता येणार नाही. शहरातील गरीब आणि कृष्णवर्णीय माणसे गाडीत बसून आपल्या शांत गावात येतील, ही सहसा उघड न बोललेली भीतीही त्यात होती, असे त्या काळाविषयी सांगणारे सांगतात.

अर्लिंग्टन कॅथलिक हायस्कूल ही सेंट ॲग्नेस धर्मग्रामाची शाळा गावाच्या मध्याजवळ आहे. १९७६ मध्ये राज्याने एक कायदा केला. त्यानुसार या शाळेपासून ७५ यार्डांच्या आत लोकवाहतुकीची कोणतीही सोय बांधण्यास परिवहन प्राधिकरणास मनाई करण्यात आली. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, गावात मतदान होऊन बहुमत रेल्वेच्या विरोधात पडले. प्राधिकरणाने अर्लिंग्टनचा नाद सोडला. जुन्या लोहमार्गावरील प्रवासी गाडीही त्याच वर्षी बंद पडली होती. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्या पट्ट्यावर सायकलींसाठी वाट झाली. ती सुंदर आहे आणि गावाची लाडकी आहे. परंतु केंब्रिजकडे कामास जाणारे अर्लिंग्टनकर आजही ७७ क्रमांकाच्या बसची वाट पाहत रस्त्यावर उभे असतात.

मुलांच्या सुरक्षिततेची चिंता करणाऱ्या पालकांना आणि शाळेला आम्ही दोष देऊ इच्छित नाही. आपल्यापैकी कुणीही कदाचित तेच केले असते. तरीही मन अस्वस्थ होते. काही वर्षांपूर्वी त्याच प्रदेशातील धर्मगुरू पाडल्या जाणाऱ्या घरांसाठी रस्त्यावर उतरले होते, आणि आता एका धर्मग्रामाच्या शाळेभोवती कायद्याने कुंपण घातले गेले. दोन्ही वेळा ‘समाजाचे म्हणणे’ असेच शब्द वापरले गेले. पहिल्या वेळी मात्र दुर्बलाचे घर वाचत होते आणि दुसऱ्या वेळी वेशीबाहेरच्या माणसासाठी दार बंद होत होते.

डेव्हिस चौकाची कथाही पूर्ण निर्मळ नाही. १९८४ पासून तीस वर्षे हे सॉमरविलच्या हद्दीतील एकमेव भुयारी स्थानक होते. चौक पुन्हा गजबजला आणि त्याबरोबर घरभाडीही वाढत गेली. ज्या कामगार कुटुंबांनी स्थानकासाठी सभा भरविल्या, त्यांच्यापैकी भाड्याने राहणाऱ्या अनेकांना पुढे तेथे राहणे परवडले नाही. हा धडा शहराच्या लक्षात राहिला. २०२२ मध्ये ‘ग्रीन लाइन’ हा दुसरा मार्ग सॉमरविलमध्ये आला, त्याच्या कितीतरी आधीपासून रहिवाशांनी परवडणाऱ्या घरांचा प्रश्न मांडला होता. स्थानक हवे, पण ते उघडेल तेव्हा आम्हीही येथेच असलो पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या इतिहासातून काय घ्यावे? लोकांना विचारू नये, असा निष्कर्ष कुणी काढील तर तो सर्वांत घातक ठरेल. न विचारता ओढलेल्या रेघांनी काय केले असते, ते इनर बेल्टच्या नकाशावर आजही दिसते. पण सभेस आलेल्या माणसांनी हात वर केले म्हणजे सारा समाज बोलला, असेही नव्हे. रात्रपाळीचा कामगार सभेस येत नाही. भाडेकरू येतो, पण त्यास स्वतःचा हक्क वाटत नाही. शेजारच्या गावच्या प्रवाशास तर बोलावणेच नसते. आणि पन्नास वर्षांनी त्याच थांब्यावर उभे राहणारे मूल अजून जन्मलेले नसते. म्हणून सभेत बसणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट मनाशी धरावी. आपण केवळ आपल्या घरापुरते बोलत नाही. जे येथे नाहीत त्यांच्या वतीनेही आपणांसच बोलायचे आहे.

अर्लिंग्टनच्या त्या क्रीडांगणावर आजही मुले खेळतात. त्यांच्या पायांखाली बोगदा आहे, आणि त्यात गाड्या उभ्या आहेत.