शेवटचं कडवं गाळू नका
(लोककवी वामनदादा कर्डक यांचं जीवन आणि कार्य)



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर चार शब्द लिही, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं. मी काही प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीत पाळीवर राबणारा माणूस. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं जे काही आलं ते वाचून आणि ऐकून. म्हणून ज्यानं तरुणपणी अक्षरं गिरवली आणि पुढं हजारो गाणी रचली, त्या वामनदादांविषयीच लिहावं असं वाटलं.

पण गाण्याचा हा झरा वामनदादांच्याही आधीचा आहे. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचा विचार खेड्यापाड्यांत पोचवला तो जलशांनी. कोल्हापूर-सातारा भागात शाहू महाराजांच्या काळात हे जलसे रंगत. जलशाची बांधणी तमाशाचीच, पण आतला माल निराळा. गणात देवाच्या जागी विद्येचं आणि समाजसुधारकांचं स्तवन, गवळणीच्या जागी समाजाच्या व्यथा, आणि वगात सावकार-भटजींची उलटतपासणी. पुढं आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ व २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली. त्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचं नेतृत्व जाहीरपणे पुढं केलं, हे आपल्याकडं लहान पोरंही सांगतात. मग चळवळ वाढली तशी तिला तिची गाणी लागली. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक यांनी १९३१ च्या सुमारास आंबेडकरी जलसा उभा केला. आडनाव एक आणि जिल्हाही एक, म्हणून पुष्कळ लोक भीमराव आणि वामनदादा यांच्यात गल्लत करतात. ही दोन माणसं वेगळी. भीमराव आधीच्या पिढीचे जलसाकार, वामनदादा त्यांच्या मागून आलेले कवी.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. आईचं नाव सईबाई. घरची परिस्थिती म्हणजे हातावरचं पोट. शाळेचा आणि त्यांचा संबंध आला नाही. पोटासाठी मुंबई गाठली आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले. मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं, फिरून किरकोळ वस्तूही विकल्या. चाळीत समता सैनिक दलाचं काम चालायचं, त्यात ते सामील झाले.

तिथंच एकदा एका माणसानं पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हातात दिलं. वाचता येईना! अंगानं धडधाकट तरुण, दलाचा कार्यकर्ता, आणि समोरचं पत्र वाचता येत नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली. पुढं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचन वाढलं. बंधूंनो, बाबासाहेबांचा 'शिका' हा आदेश आपण भिंतीवर रंगवतो. या माणसानं तो दिवसभर राबून, रात्री पाटी घेऊन पाळला.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिलं गाणं रचलं. एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवरचं ते विडंबन होतं. लोकांनी ऐकलं, हसले, दाद दिली. त्या दिवसापासून जवळजवळ साठ वर्षं ही लेखणी थांबली नाही.

सिनेमाची चाल घेतली म्हणून काही शहाणे नाक मुरडतात. पण त्यामागचा हिशोब बघा. श्रोता दिवसभर राबून आलेला, बहुतेकांना अक्षरओळख नाही. चाल आधीच ओठावर असली की नुसते शब्दच तेवढे लक्षात ठेवायचे. धृपद छोटं, शब्द घरातले, यमक पक्कं. ऐकणारी आयाबाया दुसऱ्या दिवशी रानात तेच गाणं म्हणणार. पुस्तकाला जिथं रस्ता नव्हता तिथं गाणं असं पायी गेलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुरत्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. नवा धम्म मिळालेला आणि बाप हरपलेला, अशी समाजाची अवस्था. त्या काळात बुद्ध कोण, बाबासाहेबांनी काय दिलं, आता वागायचं कसं, हे वामनदादांसारख्या कवींनी गावोगाव फिरून सोप्या शब्दांत सांगितलं. ते नुसते जयजयकारात रमले नाहीत. देशाच्या धनदौलतीत आमचा वाटा कुठं आहे, असा सवाल त्यांनी भांडवलदारांची नावं घेऊन केला. पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवरही कोरडे ओढले. आमच्यासारख्या कामगाराला ते गाणं आपल्या पगाराच्या चिठ्ठीइतकं खरं वाटतं.

त्यांचे 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे गीतसंग्रह निघाले. 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ साली आलं. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ज्याला एकेकाळी पत्र वाचता येत नव्हतं, तो साहित्यिकांचा अध्यक्ष झाला! १५ मे २००४ रोजी नाशिक इथं त्यांची प्राणज्योत मालवली.

आता मुद्द्याची गोष्ट. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेलं असतं. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' असतं, तशीच ही जुनी रीत. ज्या कवीची गाणी तोंडोतोंडी फिरतात, त्याच्या मालकीचा सातबारा म्हणजे हे शेवटचं कडवं. पण आज काय होतं? जयंतीच्या ऑर्केस्ट्रात दोन कडवी म्हणतात आणि पुढचं गाणं सुरू. कॅसेटचा जमाना आला तेव्हा गायकाचा फोटो वर आणि कवीचं नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. आता मोबाईलवर तर गाण्याचा तुकडाच फिरतो. पोरांना विचारा, गाणं पाठ असतं, पण ते कुणी लिहिलं हे ठाऊक नसतं. ज्यांच्या पूर्वजांची नावं इतिहासातून गाळली गेली, त्यांनीच आपल्या कवीचं नाव गाळावं का?

तेव्हा शिरोली आणि एमआयडीसी परिसरातल्या सर्व कुटुंबांना माझी नम्र विनंती. विहारात एक जाड वही ठेवू या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जी गाणी येतात ती पूर्ण, शेवटच्या कडव्यासकट, पोरांकडून लिहून घेऊ. कवी माहीत असेल तर त्याचं नाव लिहू, नसेल तर शोधू. नावाजलेल्यांच्या बरोबर आपल्या वस्तीतल्या अनाम गाणाऱ्या बायांचीही गाणी त्यात येऊ देत. आणि येत्या भीमजयंतीला गाणाऱ्यांना एवढंच बजावू, वेळ कमी असेल तर एक गाणं कमी म्हणा, पण शेवटचं कडवं गाळू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!