लेबनॉनची गाणी आणि 'वतन' नावाचा शब्द

दक्षिण लेबनॉनमध्ये ड्युटी केलेल्या कुठल्याही जवानाला विचारा, तिथली सकाळ कशी सुरू होते. पलटण कुठलीही असो, तो फैरूझचं नाव घेईल. बेकरीत, टॅक्सीत, वाण्याच्या दुकानात सकाळभर त्याच बाईंचा आवाज. आपल्याकडे आकाशवाणीवर सकाळी भक्तिगीतं लागतात, तसाच हा रिवाज. फक्त ही भजनं नव्हेत. गावाची, पाऊलवाटेची, दूर गेलेल्या माणसाची गाणी.

१९९८ पासून भारताची पलटण युनिफिलमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या लेबनॉनमधल्या फौजेत राहिली आहे. मीही निळी टोपी घालून तिथे राहिलो. आमचा इलाखा पूर्वेकडचा, हर्मोन पर्वताच्या पायथ्याचा. मर्जायून मुख्यतः ख्रिस्ती, हासबाया द्रूझ, खियाम शिया, शेबा सुन्नी. पेट्रोलवर निघालं की एका दिवसात चारही जगं पालथी घालून जेवणापर्यंत परत. कुठे काय बोलायचं आणि काय नाही, हे आम्हाला ब्रीफिंगमध्ये पक्कं सांगितलेलं असे. गाण्यांबद्दल मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि गरजही नव्हती. चारही गावांत गाणी तीच होती. ज्या देशात पंधरा वर्षं शेजाऱ्याने शेजाऱ्यावर गोळी झाडली, तिथे गाणी कशी काय एक राहिली? पोस्टिंग संपल्यावरही हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. जे वाचलं, जे कळलं, ते आज मांडतो.

सुरुवात राष्ट्रगीतापासून करू. फ्रेंचांनी १९२० मध्ये 'मोठा लेबनॉन' जाहीर केला आणि १९२७ मध्ये राष्ट्रगीत ठरलं. स्वातंत्र्य मिळालं १९४३ मध्ये, म्हणजे गाणं आधी आणि देश नंतर. संगीत वदी सब्रा यांचं, शब्द रशीद नखले यांचे. हे नखले म्हणजे 'झजल'चे नामांकित कवी. झजल हा तिथला लोककाव्याचा प्रकार. बोलीभाषेत, हजरजबाबीपणे, डफ आणि दरबुक्याच्या ठेक्यावर दोन कवी समोरासमोर बसतात आणि एकमेकांना कवनातून कोंडीत पकडतात. आपल्या शाहिरांचे सवाल-जवाब, कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. २०१४ मध्ये युनेस्कोने लेबनॉनच्या झजलला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

या राष्ट्रगीताच्या नावाचा अर्थ 'आपण सारे वतनासाठी'. हा शब्द ऐकला आणि मी चमकलो. हिंदी गाण्यांमुळे वतन म्हणजे देश, हे आपल्याला ठाऊक. पण मराठीत वतन म्हणजे काय? पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क आणि त्याबरोबर आलेली चाकरी. शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि आपल्या मातीत त्याचा अर्थ गावापुरता झाला. लेबनॉनच्या गाण्यांतलं वतन मला या मराठी अर्थाच्या जवळचं वाटतं. त्यात झेंडे, तोफा फारशा नाहीत. दगडी घर आहे, झरा आहे, अंजिराचं झाड आहे, आजी आहे.

याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथली माणसं पोटासाठी बाहेर पडू लागली. पहिल्या महायुद्धात लेबनॉन पर्वतावर भीषण दुष्काळ पडला, माणसं उपासमारीने मेली. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका, पश्चिम आफ्रिका असे लोक पांगले. थोर गायक वदी अस-साफी स्वतः १९४७ ते १९५० ब्राझीलमध्ये राहून परत आले. तेव्हा देशप्रेमाचं गाणं हे गेलेल्याला घातलेली हाक असतं. कोकणातल्या चाकरमान्याच्या घरच्यांना आणि फौजीच्या घरच्यांना ही हाक वेगळी सांगावी लागत नाही.

आता फैरूझ. खरं नाव नुहाद हद्दाद. बैरूतमधल्या छापखान्यात काम करणाऱ्या साध्या माणसाची मुलगी. वडील मूळचे आजच्या तुर्कस्तानातल्या मार्दीनचे सीरियाक ख्रिस्ती. शाळेत तिचा आवाज हेरला मोहम्मद फ्लैफल यांनी. हे बैरूतचे मुसलमान संगीतकार, कवायतीच्या आणि देशभक्तीच्या चालींचे उस्ताद. 'मवतिनी' म्हणजे 'माझी मातृभूमी' या गीताची त्यांची चाल २००४ पासून इराकचं राष्ट्रगीत आहे. पुढे रेडिओवर हलीम अर-रूमी यांनी तिला फैरूझ हे नाव दिलं. फैरूझ म्हणजे आपला पिरोजा, ते निळं रत्न. तिथेच तिची गाठ पडली आसी आणि मन्सूर या रहबानी बंधूंशी. दोघेही अंतेलियासचे आणि दोघांनीही आधी पोलिसात नोकरी केलेली! वर्दीतल्या माणसाला संगीतातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. आसीशी तिचं लग्न झालं.

बालबेकच्या रोमन देवळांत १९५६ पासून उत्सव भरू लागला. तिथे युरोपातले नामवंत वाद्यवृंद येत. १९५७ मध्ये 'लेबनॉनी रात्री' सुरू झाल्या आणि गावची गाणी, दबका नाच, झजलच्या धाटणीची कवनं ज्युपिटरच्या खांबांसमोर उभी राहिली. खेड्यातलं मोठ्या मंचावर आलं. पुढच्या वर्षांत रहबानींच्या संगीत नाटकांनी एक आख्खं गाव उभं केलं. त्यात भांडणं होतात, पण शेवटी मिटतात.

खऱ्या लेबनॉनमध्ये ती मिटली नाहीत. १९७५ मध्ये यादवी पेटली, बैरूतचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे झाले. आणि इथे या बाईंनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना सलाम करतो. देश सोडून गेल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती, पण त्या बैरूतमध्येच राहिल्या. १९७८ मध्ये 'पेत्रा' हे संगीत नाटक केलं ते शहराच्या दोन्ही भागांत. तो अपवाद सोडला तर युद्ध संपेपर्यंत त्यांनी देशात जाहीर कार्यक्रम केला नाही. परदेशात गायल्या, घरी नाही. घरी गायचं म्हणजे कुणाच्या तरी इलाख्यात, कुणाच्या तरी बंदुकीच्या छायेत गायचं. दरम्यान दोन्ही बाजूंच्या रेडिओवर त्यांचाच आवाज होता. नकार देणं त्यांना नवं नव्हतं. १९६९ मध्ये अल्जेरियाच्या राष्ट्राध्यक्षांसाठी खासगी मैफल करायला त्या नाही म्हणाल्या, तेव्हा सहा महिने त्यांची गाणी सरकारी रेडिओवर बंद होती.

सगळ्यांनी हाच मार्ग धरला असं नाही. अमशीतचे मार्सेल खलीफे १९७६ मध्ये 'अल-मयादीन' हा संच काढून ऊद घेऊन लोकांत गेले. ते ख्रिस्ती, पण पॅलेस्टिनी कवीचे शब्द आणि दक्षिणेचं दुःख गायले. एका गाण्यावरून त्यांच्यावर खटला झाला, १९९९ मध्ये ते निर्दोष सुटले. आणि रहबानींच्या त्या गोड गावावर सर्वांत तिखट टीका केली ती घरातूनच. फैरूझ आणि आसी यांचा मुलगा झियाद याने १९८३ च्या नाटकात त्या गावच्या नाटकांची बेधडक टर उडवली. ज्या गावात सगळं गोड आहे, त्यात गरीब शहरी वस्ती कुठे आहे, पंथांचं वैर कुठे आहे, असा त्याचा रोख. मला तो पटतो. आमच्या इलाख्यातल्या गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती बघितल्यावर गाण्यातल्या गावावर सरसकट विश्वास ठेवता येत नाही. तरी त्याच झियादने आईसाठी नव्या धाटणीची उत्तम गाणी केली. जुलै २०२५ मध्ये तो गेला. नव्वदीच्या फैरूझ काळ्या कपड्यांत मुलाला निरोप द्यायला चर्चमध्ये आल्या, आणि सारा देश गप्प बसून बघत होता.

युद्ध १९९० मध्ये संपलं. १९९४ मध्ये त्या बैरूतच्या शहीद चौकात गायल्या. हा चौक म्हणजे दोन भागांमधली रणरेषा, सगळ्या बाजूंच्या गोळ्या खाल्लेली जागा. १९९८ मध्ये त्या बालबेकला परतल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी आपली पहिली पलटण तिथे पोचली.

निळ्या टोपीची ड्युटी किती अवघड असते, हे ती केलेल्यांना माहीत आहे. हातात रायफल असते आणि कुणाचीही बाजू घ्यायची नसते. दोन्हीकडून टोमणे ऐकावे लागतात. आम्हाला तो हुकूम होता, शिवाय वर्षभराने सुटी आणि परतीचं विमान होतं. त्या बाईंना कुणाचा हुकूम नव्हता आणि जायला दुसरं घरही नव्हतं. आपला आवाज साऱ्यांचा राहावा म्हणून त्यांनी घरच्या मंचावर तो इतकी वर्षं आवरला. वतन राखणं म्हणजे त्याची चाकरीही करणं, हा मराठीतला जुना अर्थ मला त्यांच्या या गप्प राहण्यात दिसतो.