कंबरदुखी: पुढे वाकायचं की मागे?

आता आपण कंबरदुखीच्या व्यायामांकडे येऊ. १९३७ साली अमेरिकेत डॉ. पॉल विल्यम्स यांनी सांगितलं, पुढे वाका, गुडघे पोटाशी घ्या. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, आणि त्याला आराम पडला! त्यावरून मॅकेन्झींनी सांगितलं, मागे वाका.

सल्ले नेमके उलटे, पण बरे झालेले रुग्ण दोघांकडेही. मग खरं कोणाचं? नुसत्या अनुभवावरून हे ठरत नाही, कारण नवी कंबरदुखी बहुतेकदा आपोआपच उतरते. म्हणून तुलना लागते.

१९९५ साली हेलसिंकीतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. १८६ जणांचे तीन गट होते: दोन दिवस अंथरुणात विश्रांती, पाठीचे व्यायाम, आणि झेपेल तसं रोजचं काम. लवकर सावरला तो तिसरा गट. १९९८ च्या अमेरिकेतल्या तुलनेत मॅकेन्झी पद्धत आणि कायरोप्रॅक्टिक हे दोन्ही उपचार, माहितीच्या साध्या पुस्तिकेपेक्षा किंचितच सरस ठरले.

व्यायाम वाया जातात, असं आम्ही म्हणत नाही. जुनाट दुखण्यात त्यांचा उपयोग होतो. पण कंबर धरली की ‘पडून राहा’ असं सांगण्याआधी हा इतिहास आपण आठवायला हवा.