साधनाधारित निबंधलेखन आणि इतिहासाचे अध्यापन : अमेरिकेतील 'डीबीक्यू' पद्धतीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास हा सनावळ्यांच्या पाठांतराचा विषय होय, ही समजूत विद्यार्थ्यांत व पालकांत खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात इतिहास हे पुराव्यांवर उभे राहिलेले आणि पुराव्यांनीच बदलणारे शास्त्र आहे. ही जाणीव शालेय पातळीवरच निर्माण व्हावी यासाठी विविध देशांत प्रयत्न झाले. अमेरिकेतील 'डॉक्युमेंट बेस्ड क्वेश्चन' अर्थात 'डीबीक्यू' हा त्यांतील एक महत्त्वाचा प्रयोग होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीची वाटचाल, तिची अध्यापनप्रक्रिया व तिच्या मर्यादा यांचा विचार केला असून, मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेशी तिचा संबंध कसा जोडता येईल हेही तपासले आहे.

डीबीक्यू पद्धतीचा उगम व स्वरूप :

अमेरिकेत 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने 1955 पासून 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' हा उपक्रम चालविला. माध्यमिक शाळेतील प्रगत विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यासक्रम उपलब्ध करून देणे, हा त्यामागील हेतू होता. या उपक्रमातील अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत 1973 मध्ये साधनाधारित प्रश्न प्रथम विचारण्यात आला. विद्यार्थ्याने केवळ स्मरणशक्तीवर विसंबून न राहता समोरच्या कागदपत्रांतून स्वतःचे मत सिद्ध करावे, ही त्यामागील अपेक्षा होती.

आज या प्रश्नात सात साधने दिली जातात. पत्रे, भाषणे, कायद्यातील उतारे, व्यंगचित्रे, नकाशे असे त्यांचे स्वरूप असते. वाचन व लेखन मिळून साठ मिनिटे दिली जातात आणि एकूण परीक्षेत या निबंधास 25 टक्के भार असतो. सात गुणांपैकी प्रतिपाद्य विधानास एक, काळाच्या पार्श्वभूमीस एक, पुराव्यांच्या वापरास तीन आणि विश्लेषणास दोन गुण असतात. दिलेल्या साधनांबाहेरील माहितीचा उपयोग करणेही अपेक्षित असते. म्हणजेच वाचनाची तयारी नसलेला विद्यार्थी केवळ उताऱ्यांच्या आधारे तरून जाऊ शकत नाही.

साधन कसे वाचावे :

या अध्यापनातील खरी अडचण लेखनापेक्षा वाचनाची आहे. सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासतज्ज्ञ व आठ शालेय विद्यार्थी यांना लेक्झिंग्टन येथील चकमकीविषयीची तीच साधने वाचावयास दिली होती. तज्ज्ञ मजकूर वाचण्यापूर्वी लेखक कोण, काळ कोणता हे पाहत. विद्यार्थी थेट मजकुराकडे वळत. विशेष म्हणजे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील उतारा सर्वांत विश्वसनीय वाटला. तज्ज्ञांनी मात्र त्यास फारच खालचे स्थान दिले.

हेच उदाहरण वर्गाध्यापनासाठीही उपयुक्त ठरते. दि. 19 एप्रिल 1775 रोजी पहाटे मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन येथे ब्रिटिश सैन्य व स्थानिक शिबंदी समोरासमोर आली. गोळीबारात वसाहतीतील आठ जण ठार झाले. पहिली गोळी कोणी झाडली, हा प्रश्न आजही अनिर्णित आहे. शिबंदीतील 34 जणांनी सहा दिवसांनी शपथेवर दिलेल्या जबानीत ब्रिटिशांना दोषी धरले. जॉन बार्कर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या रोजनिशीत मात्र वसाहतकऱ्यांनीच प्रथम एकदोन गोळ्या झाडल्याची नोंद आहे.

यांपैकी खोटे कोण, असा प्रश्न विद्यार्थी प्रथम विचारतात. शिक्षकाने त्यांना दुसऱ्या प्रश्नाकडे नेले पाहिजे : हा कागद कोणासाठी व कशासाठी तयार झाला? जबान्या लंडनमधील जनमत वळविण्यासाठी घेतल्या गेल्या होत्या; रोजनिशी ही खासगी नोंद होती. शिवाय आपले शिपाई हुकूम न ऐकता तुटून पडले, हेही बार्कर लिहून ठेवतो. स्वपक्षाला अडचणीत आणणाऱ्या अशा कबुलीचे मोल अधिक असते. मात्र एवढ्यावरून त्याचे पहिल्या गोळीविषयीचे विधानही खरे ठरत नाही. एकाच कागदातील दोन विधानांची विश्वसनीयता वेगवेगळी असू शकते, हे विद्यार्थ्याला समजले म्हणजे निबंधाची अर्धी तयारी झाली असे मानावयास हरकत नाही.

लेखनाची प्रक्रिया व मर्यादा :

सर्वसाधारण विद्यार्थी पहिले साधन काय सांगते, दुसरे काय सांगते अशी क्रमवार जंत्री लिहितो. हा दोष टाळण्यासाठी साधनांचे मुद्द्यांनुसार गट पाडणे, परस्परविरोधी साधने शेजारी ठेवणे आणि नंतरच प्रतिपाद्य विधान निश्चित करणे हा क्रम उपयुक्त ठरतो.

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. साधनांची निवड परीक्षकाने आधीच केलेली असते. त्यामुळे शोध घेण्याचा, रिकाम्या हाताने परतण्याचा अनुभव विद्यार्थ्यास मिळत नाही. उतारे लहान असल्याने मूळ संदर्भ तुटतो. तसेच गुणांचा तक्ता डोळ्यांसमोर ठेवून लिहिताना चिकित्सा हा एक साचा बनण्याचा धोका असतो. 'लेखक पक्षपाती आहे' एवढे लिहून थांबणे ही चिकित्सा नव्हे. त्या पक्षपातातून काय कळते, हे सांगणे ही चिकित्सा होय.

मराठी संदर्भ :

कागदपत्रांचा आग्रह मराठी वाचकांस नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये प्रसिद्ध केला आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. ही परंपरा संशोधकांपुरती मर्यादित न राहता वर्गात यावी, हे अगत्याचे आहे.

या दृष्टीने महात्मा जोतीराव फुले यांच्या 1873 च्या 'गुलामगिरी' ग्रंथाची अर्पणपत्रिका उत्तम साधन ठरते. गुलामगिरी नष्ट करण्याच्या कार्याबद्दल ती अमेरिकेतील लोकांना अर्पण केलेली आहे. परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड घडले आणि 1877 नंतर मुक्त झालेल्यांचे हक्क दक्षिणेत क्रमाक्रमाने हिरावले गेले. मग फुले यांची अर्पणपत्रिका चुकीची ठरते काय? अमेरिकेतील तत्कालीन स्थितीचा पुरावा म्हणून ती अपुरी आहे. परंतु पुण्यातील एका समाजसुधारकाने मुक्तीचा अर्थ कसा लावला व आपल्या वाचकांपुढे कोणता आदर्श ठेवला, याचा ती अव्वल पुरावा आहे. साधनाचे मोल त्याला विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

साधनाधारित निबंध हा केवळ परीक्षेचा प्रकार नसून पुरावा तपासण्याची शिस्त आहे. अमेरिकेतील गुणांकनपद्धती जशीच्या तशी स्वीकारण्याची गरज नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाने सत्रातून एकदा परस्परविरोधी अशी तीन साधने वर्गापुढे ठेवावीत आणि दोन पानी निबंध लिहून घ्यावा, एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. भूतकाळाच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्यांचा सुकाळ असताना 'हे कशावरून?' असे शांतपणे विचारू शकणारा विद्यार्थी घडविणे, हीच इतिहासाच्या अध्यापनाची खरी फलश्रुती ठरेल.