गाँगच्या धाकातला विनोद

लंडनच्या सोहो भागात डीन स्ट्रीटवर मे 1979 मध्ये ‘द कॉमेडी स्टोअर’ सुरू झाले. लॉस एंजेलिसमधला याच नावाचा क्लब पाहून आलेल्या पीटर रोझेनगार्ड यांनी डॉन वॉर्ड यांच्या साथीने एका स्ट्रिप क्लबच्या वर हा प्रयोग मांडला. खेळ रात्री उशिरा रंगे. प्रेक्षक दारू पिऊन बसलेले असत आणि ज्याला हिंमत होई तो मंचावर चढे.

सूत्रसंचालक अलेक्सी सेल यांच्या हाताशी गाँग असे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली की टोल पडे आणि कलाकाराला उतरावे लागे. पद्धत निर्दयी खरी, पण त्या धाकातच एक कला घडली. पहिल्याच वाक्यात लक्ष खेचायचे, मध्येच ओरडणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे आणि हशा ओसरायच्या आत पुढचे वाक्य टाकायचे, हे तिथे शिकल्याशिवाय निभाव नव्हता.

मजकूरही बदलला. जुन्या कामगार क्लबांत सासूचे आणि परदेशी माणसांचे ठरीव चुटके चालत. इथल्या नव्या पिढीने वंशद्वेषी, स्त्रीद्वेषी विनोद नाकारला आणि स्वतःचे अनुभव, स्वतःची राजकीय मते मांडली. क्लब सुरू झाला त्याच महिन्यात मार्गारेट थॅचर ब्रिटनमध्ये सत्तेवर आल्या होत्या, त्यामुळे विषयांना तोटा नव्हता. रिक मेयॉल आणि एड्रियन एडमंडसन हे विनोदी कलाकार याच मंचावरून पुढे आले.

या क्लबची शाखा 2010 मध्ये मुंबईत लोअर परळला उघडली.