कुरणांतील शाळा

आमचें जाफराबाद पूर्णा व केळणा या नद्यांच्या संगमावर वसलेलें. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. घरीं मराठी आणि राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, अशी आपल्या वाडवडिलांची स्थिति. उर्दूचा आम्हांस द्वेष नाहीं, ती गोड भाषा आहे. परंतु घरची बोली उंबरठ्याबाहेर ठेवून शिकणें किती जड जातें, हें या गांवास कोणीं सांगावयास नको. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांपुढें आम्ही दूरच्या वारली मुलांची हकीकत ठेवीत आहों.

१९४५ सालीं त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यांत दोन गोष्टी घडल्या. डहाणू-उंबरगांवकडील वारल्यांनीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं जमीनदारांची वेठ नाकारिली. आणि त्याच वर्षीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र उघडिलें. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें.

ताराबाई मॉण्टेसरीपद्धतीच्या पुरस्कर्त्या. मॉण्टेसरीबाईंनीं आपलें पहिलें बालगृह १९०७ सालीं रोमच्या मजूरवस्तींत काढिलें होतें. पण त्यांचें साहित्य आपल्या देशांत श्रीमंतांच्या मुलांनाच परवडे. कोसबाडला त्याच्या जागीं चिंचोके, खडे, पानें व शिंपले आले.

तरी मुलें येईनात. येणार तरी कशीं? पोर गुरें राखी, त्याची बहीण धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसे. अशा मुलांना आळशी म्हणणें सोपें असतें. आम्हीही पूर्वीं गैरहजर मुलांना तेंच नांव ठेविलें आहे, हें येथें कबूल करावें लागतें. या दोघींनीं उलट विचार केला: मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें. पाड्याच्या अंगणांत भरली ती अंगणवाडी. गुरें चरतात तेथें भरली ती कुरणशाळा. बहिणीस धाकट्यासह येतां यावें म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एके ठिकाणीं आणिली, ती विकासवाडी.

ताराबाई १९७३ सालीं गेल्या, अनुताई १९९२ सालीं. मध्यंतरीं १९७५ च्या सरकारी योजनेनें 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला, आणि तो आपल्या आळींतही रुळला. मात्र मूल घरीं जी बोली बोलतें ती तेथें कानांवर पडते काय, हें त्याला पोंचवावयास जाणाऱ्या आईनें एकदां दाराशीं उभें राहून ऐकावें.