पनवेलचे चाक आणि संगणकातील सुटे कार्ड

मुंबईहून दख्खनेत जाणाऱ्या वाटेवर, खाडीच्या काठी वसलेल्या पनवेलची एकोणिसाव्या शतकातील ओळख बैलगाडीच्या चाकांशी जोडलेली होती. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर देशावरचा माल गाड्यांनी या बंदरात येऊ लागला आणि चाके घडविणे हा गावचा प्रमुख उद्योग म्हणून ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये नोंदला गेला. तुंबा म्हणजे मधला लाकडी गड्डा, त्यात बसविलेले आरे, भोवतीचे पुठ्ठे आणि त्यांवर चढविलेली लोखंडी धाव असे हे चाक आसापासून सुटे होत असल्यामुळे, खीळ काढून तेवढेच बदलता येई आणि गाडी मोडीत निघत नसे. १८६३ साली घाटातून रेल्वे धावू लागली, तशी ही गाडीवाहतूक ओसरली.

त्याच पनवेलमध्ये आज छोट्या डेस्कटॉप संगणकातील वायफाय बंद पडले, तर दुरुस्ती होणार की यंत्रच टाकून द्यावे लागणार, हे पुन्हा भागाच्या सुटेपणावरच ठरते. बिनतारी जाळ्याचे पहिले ८०२.११ मानक १९९७ साली आले, भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे २००५ सालच्या नियमांनी परवानामुक्त झाली आणि वायफाय घराघरांत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. कार्डाचे रूप मात्र मिनी पीसीआय, मिनी पीसीआय एक्सप्रेस आणि २०१३च्या सुमारास आलेले एम.२ असे पालटत गेले. एम.२ कार्डावरील २२३० हा आकडा २२ मिलिमीटर रुंदी आणि ३० मिलिमीटर लांबी सांगतो. संगणक बंद करून, वीज तोडून, अँटेनाच्या दोन बारीक तारा नखाने अलगद उचलल्या आणि एकच स्क्रू काढला की कार्ड खाचेतून तिरके वर येते. त्या तारांची टोके इतकी नाजूक असतात की जुने कार्ड काढण्यापेक्षा नव्यावर तारा बसवितानाच हात अधिक जपावा लागतो.

तरीही मापे जुळली म्हणजे कार्ड चालेलच असे नाही, आणि गिऱ्हाइकाची खरी फसगत इथेच होते. इंटेलच्या सीएनव्हीआय रचनेत वायफायचे बरेचसे काम चिपसेटकडे किंवा प्रोसेसरकडे असते आणि कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग उरतो. म्हणून असे कार्ड एएमडीच्या मदरबोर्डवरील खाचेत बसते, पण चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटा भाग आणविण्याआधी कार्डाचा प्रकार पाहून घेणे त्यामुळे अटळ ठरते. जिथे वायफायची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते, उदाहरणार्थ २०२० सालच्या एम१ मॅक मिनीमध्ये, तिथे काढायला खीळच उरलेली नाही. यूएसबीचा बाहेरचा जोड किंवा सरळ तार एवढेच मार्ग राहतात, नाहीतर एका चिपसाठी अख्खा मदरबोर्ड बदलण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी येतो.